प्लेटचा उजवा कोपरा

देवांगच्या गाडीचा टॅब पहिल्यांदा चोरीला गेला, तेव्हा पोलिसाने थांबवेपर्यंत त्याला पत्ताच नव्हता. ऑफिसला जाताना मागे दिवे लागले, त्याने गाडी कडेला घेतली. पोलीस तरुण होता, नम्रही होता. मागच्या नंबरप्लेटवर टॅब, म्हणजे रजिस्ट्रेशनचा वर्षाचा स्टिकर, नाही, म्हणाला. देवांग म्हणाला, आहे, मीच लावलाय. मग उतरून पाहिलं तर प्लेटच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे त्या वर्षाचा रंगीत चौकोन असतो, तिथे नुसता खरवडलेला डिंक राहिला होता. पोलिसाने कॉम्प्युटरवर पाहिलं, नोंदणी चालू होती, त्यामुळे समज देऊन सोडून दिलं. पण तेवढ्यात त्याच्या ऑफिसची बस शेजारून गेली होती. घरी आल्यावर चोरीबद्दल तो दोन वाक्यं बोलला आणि त्या बसबद्दल रात्रीच्या जेवणापर्यंत.

"कुणी बघितलं असेल तर बघितलं," नेत्रा म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला.

नेत्रा आणि देवांग अमेरिकेत, रेडमंडला येऊन बरीच वर्षं झाली होती. दोघंही पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्या टाउनहाउसच्या रांगेमागे उघडा कारपोर्ट होता, वर पत्रा आणि तिन्ही बाजूंनी वारा. तिथून त्या हिवाळ्यात बऱ्याच जणांचे टॅब गेले. ज्यांच्या गाडीची नोंदणी संपलेली असते आणि नव्याने करायची ऐपत नसते, ते दुसऱ्याच्या प्लेटवरून टॅब सोलून आपल्या प्लेटवर लावतात. लांबून बघणाऱ्याला रंग बरोबर दिसला की झालं.

देवांगने रिपोर्ट केला, नवा टॅब आणून लावला. तोही पंधरवड्यात गेला.

मग नेत्राने कॉलनीतल्या बायकांकडून उपाय शिकून घेतला. प्लेट आधी स्पिरिटने पुसायची, कोरडी करायची, टॅब दाबून बसवायचा आणि मग कटरने त्याच्यावर आडव्याउभ्या रेघा मारायच्या, अगदी पत्र्यापर्यंत. सोलायला गेलं तर टॅब अख्खा निघतच नाही, त्याचा भुगा हाती येतो. नेत्राने स्वतःच्या गाडीला तसं करून घेतलं आणि देवांगला म्हणाली, "आण, तुझ्याही गाडीला करून देते."

"म्हणजे चोराला काय होणार? भुगा मिळणार. मग तो शेजारच्या गाडीकडे जाणार."

"जाऊ दे की. आपला तर वाचला."

"मला वाचवायचा नाहीये नुसता," देवांग म्हणाला. "त्याला आठवण राहिली पाहिजे."

एक अख्खा रविवार तो कारपोर्टलगतच्या अंधाऱ्या स्टोअररूममध्ये बसला होता. संध्याकाळी त्याने नेत्राला बोलावून दाखवलं. टॅबभोवती काळी प्लॅस्टिकची चौकट होती, शोभेची असावी तशी. चौकटीच्या आतल्या कडेला त्याने कटरच्या पात्यांचे तुकडे इपॉक्सीने बसवले होते, धार आतल्या बाजूला. टॅब सोलायचा तर नख खाली घालायला बोट त्या कडेतून न्यावंच लागलं असतं. वरून बघताना काही दिसत नव्हतं.

"हे बरोबर नाही हं," नेत्रा म्हणाली. "कुणाचा चुकून हात लागला तर?"

"माझ्या प्लेटला चुकून कोण हात लावेल? लावेल तो चोरच असेल."

तिने पुढे वाद घातला नाही. देवांगने ठरवलेल्या गोष्टीत वाद घातला की तो आठवडाभर बोलायचा नाही, आणि मुलाची रोबोटिक्सची स्पर्धा तोंडावर होती, घरात अबोला नको होता. त्याने कारपोर्टच्या खांबावर कॅमेराही लावला. नेत्राने तेवढंच केलं, की मुलाला बाबाच्या गाडीमागे जाऊ नकोस म्हणून बजावून ठेवलं.

नंतरच्या एका सकाळी ती खाली आली तेव्हा देवांग स्वयंपाकघरात चहाचा कप घेऊन उभा होता आणि फोनकडे बघत हसत होता. असं मोकळं हसताना तिने त्याला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

"ये, बघ," तो म्हणाला. "मासा गळाला लागला."

व्हिडिओ पहाटेचा होता. कारपोर्टच्या पिवळट दिव्यात डोक्यावर टोपी ओढलेलं, तोंडाला मास्क लावलेलं कुणीतरी गाडीमागे येऊन उकिडवं बसलं. उजवा हात प्लेटकडे गेला. क्षणभर काही झालं नाही. मग ती आकृती मागे फेकल्यासारखी झाली, हात छातीशी धरून पुढे वाकली आणि कपाळ बंपरला टेकवून तशीच राहिली. आवाज नव्हता. थोड्या वेळाने ती उठली, हात जॅकेटमध्ये खुपसला आणि चालत गेली. चालताना उजवं पाऊल जरा आत वळत होतं.

नेत्रा हसली. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं की आपण का हसलो. नवरा हसत होता म्हणून हसलो, हे एक उत्तर होतं. पण ते पाऊल दिसलं तेव्हाच हसू थांबायला हवं होतं, आणि ते थांबलं नव्हतं, घाईने आणखी थोडं पुढे गेलं होतं.

"ओळखीचं वाटतं का कुणी?" देवांगने विचारलं.

"छे," नेत्रा म्हणाली, आणि डबे भरायला लागली.

बंपरवरचं आणि खालच्या सिमेंटवरचं रक्त तिनेच पाण्याने धुतलं.

दुसऱ्या दिवशी रेखाताईंचा फोन आला.

रेखाताई आणि राजीव हे त्यांच्या इथल्या सगळ्यात जुन्या ओळखीचे. वयाने दहाएक वर्षांनी मोठे, मंडळाच्या गणपतीत पुढे असणारे. नेत्रा पहिल्यांदा इथे आली तेव्हा थंडीचा कोट कुठला घ्यायचा इथपासून रेखाताईंनी तिला शिकवलं होतं. त्यांची मुलगी नैना इथेच जन्मलेली. शाळेत असताना ती नेत्राच्या मुलाला सांभाळायला यायची, तिच्या हातून तो निमूट जेवायचा. लहानपणी झाडावरून पडून तिचा पाय मोडला होता आणि तो थोडा वाकडा जुळला होता. गेल्या वर्षी तिने कॉलेज सोडलं. मला कुत्र्यांबरोबर काम करायचंय, म्हणाली. राजीव म्हणाला, कर, पण मग माझ्या घरातून नको आणि माझ्या जिवावर नको. ती एका ग्रूमिंगच्या दुकानात लागली, कुत्र्यांचे केस कापायला, आणि चार मुलींमध्ये खोली घेऊन राहू लागली. तिची जुनी गाडी नेत्राने एकदा दुकानाबाहेर पाहिली होती. आरशाला चिकटपट्टी लावलेली होती.

"अगं, नैनाचा उजवा हात कापला कामावर," रेखाताई सांगत होत्या. "कात्री लागली म्हणे. अंगठ्याचा टेंडन तुटला, ऑपरेशन झालं. पण घरी आलीय गं. एवढ्या महिन्यांनी माझ्या घरात झोपलीय. मला रडू की हसू कळत नाहीये."

नेत्राने काय उत्तर दिलं ते तिला आठवत नाही. फोन ठेवून ती देवांगच्या खोलीत गेली आणि दारातूनच म्हणाली, "नैनाचा हात कापलाय. उजवा."

देवांग स्क्रीनकडे बघत होता. त्याने मान वळवली नाही. "असं का," म्हणाला. मग टाइप करता करता, "शनिवारी जेवायला बोलावू या त्यांना. तिलाही घेऊन या म्हणावं. शेजारच्या सिद्धेश-शुभालाही सांग."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? पोरगी घरी आलीय, बरं वाटेल त्यांना."

आता इथे एक सांगायला हवं. देवांग पूर्वी राजीवच्या हाताखाली होता. एका वर्षी राजीवने त्याच्या कामाविषयी वरच्या लोकांसमोर असं काही सांगितलं, की देवांगला ती कंपनी सोडावी लागली आणि ग्रीन कार्डाची अर्धी पार पडलेली वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागली. राजीवने नंतर खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, पर्सनली घेऊ नकोस यार, तुझ्याच भल्याचं आहे. देवांगने पर्सनली घेतलं नाही, असं सगळे समजत होते. दर दिवाळीला तो राजीवच्या घरी फराळाला जायचा आणि चकलीचं कौतुक करायचा.

नेत्राला हे सगळं माहीत होतं. तरी तिने मनाची समजूत घातली, की देवांगला वाईट वाटलं असेल, तो काहीतरी नीट करू बघत असेल. शनिवारी सकाळपासून ती स्वयंपाकाला लागली. भरली वांगी केली, मसालेभात केला, नैनाला आवडायचं म्हणून श्रीखंड घरी केलं. जेवणं झाली की नैनाला वर नेऊन एकटीला काहीतरी बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

दुपारी सगळे आले. नैनाच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत स्प्लिंट होतं. ती दारात थांबली. कारपोर्टच्या बाजूने यायचं सोडून ती पावसात पुढून फिरून आली होती, तिचे केस ओले होते.

"हाय, नेत्रा मावशी," ती म्हणाली आणि खाली बघायला लागली.

जेवताना रेखाताई तिला घास करून देत होत्या. राजीव म्हणाला, "डाव्या हाताने खाता येतं तिला. लाड नकोत." पण तोही खुशीत होता. मुलगी टेबलाशी होती, म्हणजे आपलंच खरं ठरलं, असं त्याच्या बसण्यात दिसत होतं.

विषय टॅबवर आणला तो शुभाने, अगदी सहज. तिचाही गेला होता. सिद्धेशने विचारलं, "देवांग, तुझे तर दोनदा गेले ना? तू काय केलंस मग?"

"सांगतो," देवांग म्हणाला. "पण आधी राजीवदादा, तू सांग. अशा लोकांचं काय केलं पाहिजे?"

राजीवला मत विचारलं की तो खुर्चीत मागे रेलायचा. "प्रॉब्लेम काय आहे, इथे कुणाला काही होतच नाही. पोलीस येत नाहीत, आले तर सोडून देतात. मग सवय लागते. आज टॅब, उद्या गाडी. एकदा बोटं छाटा, बघा परत कुणी हात लावतं का."

"बाबा, can we not," नैना म्हणाली.

"का? मेहनत करून कमवतात लोक. आयतं सोलून न्यायला काय जातं?"

"नाही, दादाचं बरोबर आहे," देवांग म्हणाला आणि उठला. "तुम्हाला एक गंमत दाखवतो."

नेत्रा म्हणाली, "देवांग, श्रीखंड वाढायचंय."

"वाढ ना. बघता बघता खातील."

त्याने टीव्ही लावला. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कारपोर्ट उजळला. नेत्रा श्रीखंडाचं भांडं हातात घेऊन उभी राहिली. तिला तेव्हा वायर ओढता आली असती. भांडं खाली टाकता आलं असतं. ती भांडं घट्ट धरून उभी राहिली आणि नैना तिच्याकडे बघत होती. पडद्याकडे नाही, तिच्याकडे.

हात प्लेटकडे गेला आणि आकृती मागे फेकली गेली, तसा राजीव मोठ्याने हसला. "अरे, काय लावलंयस तिथे?"

"ब्लेड्स."

"जीनियस आहेस यार. परत लाव. स्लो कर जरा."

देवांगने परत लावलं. स्लो केलं. सिद्धेश हसत होता, शुभाने "ई गं" म्हणून तोंडावर हात घेतला होता, पण बोटांमधून बघत होती. बंपरवर कपाळ टेकलेली ती आकृती आता फार वेळ तशीच राहिली. मग उठली. मग हळूहळू चालायला लागली, एकेक पाऊल टाकत.

रेखाताईंचा हात नैनाच्या ताटाजवळ होता, तो तिथेच थांबला.

"बंद करा," त्या म्हणाल्या.

"थांबा वहिनी, संपत आलंय," देवांग म्हणाला.

"थांब गं, बघू दे," राजीव म्हणाला, अजून हसतच. "लंगडतोय बघ साला. पायालाही लागलं की काय." आणि मग त्याचं हसू गेलं. पडद्यावर उजवं पाऊल आत वळत होतं. पुन्हा वळलं. तो पाय प्लॅस्टरमध्ये असताना राजीवने तिला रोज कडेवर घेऊन जिना चढवला होता.

देवांगने रिमोट टेबलावर ठेवला.

राजीव उठला. नेत्राला वाटलं, तो देवांगच्या अंगावर जाणार. तो नैनाच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"ही कात्री का तुझी?"

नैनाने स्प्लिंटचा हात मांडीवर ओढून घेतला.

"उभी राहा. काकांना सॉरी म्हण."

"राजीव, अहो, तिच्या हाताला—" रेखाताई म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस. नैना, stand up."

नैना उभी राहिली. खुर्चीला धरायला गेली तर हात स्प्लिंटमध्ये होता, तो खुर्चीवर नुसता आपटला. "I'm sorry, देवांग काका," ती म्हणाली.

"It's okay, बेटा," देवांग म्हणाला. त्याचा आवाज अगदी मऊ होता. "मला मागितलं असतंस तर मीच नसतं का रजिस्ट्रेशन करून दिलं? राजीवदादा, तू टेन्शन घेऊ नकोस. पोलीस रिपोर्ट केलेला आहे, पण व्हिडिओ मी अजून कुणाला दिलेला नाही."

"थँक्यू," राजीव म्हणाला. घोगऱ्या आवाजात, खाली मान घालून. "थँक्यू, देवांग. उपकार झाले."

"पर्सनली घेऊ नकोस," देवांग म्हणाला.

ते तिघं लगेच निघाले. नैनाचा कोट रेखाताईंनी नुसता तिच्या खांद्यांवर टाकला. श्रीखंड कुणी खाल्लं नाही. सिद्धेश आणि शुभा आणखी थोडे थांबले, कारण एकदम निघणं बरं दिसलं नसतं. शुभाने भांडी आवरायला मदत केली आणि पोरांना वेळीच शिस्त लावली नाही की असं होतं, म्हणाली. जाताना सिद्धेशने बूट घालता घालता खालच्या आवाजात देवांगला विचारलं, "ती फ्रेम कुठून घेतलीस रे? ऑनलाइन मिळते का?"

दार लागल्यावर नेत्रा म्हणाली, "तुला माहीत होतं."

"तुलाही."

"मला फोन आल्यावर कळलं."

"नाही." तो टीव्हीची वायर गुंडाळत होता. "सकाळी तू पहिल्यांदा बघितलंस तेव्हाच ओळखलंस. मी व्हिडिओ नव्हतो बघत, तुझ्याकडे बघत होतो. मग तू रक्त धुऊन टाकलंस. मी सांगितलं होतं का धुवायला?"

घरातल्या दिव्यांसकट सगळं जागच्या जागी होतं. वर मुलगा गेम खेळत होता, त्याचा आवाज येत होता. तिने उरलेलं श्रीखंड डब्यात भरलं.

महिना गेला. त्या महिन्यात राजीव दोनदा देवांगकडे येऊन गेला, एकदा कुणा मित्राच्या घरच्या झाडाच्या संत्र्यांची पेटी घेऊन आणि एकदा नुसताच. दारात उभा राहून बोलायचा, आत या म्हटलं तरी यायचा नाही. देवांग त्याच्याशी छान बोलायचा. मंडळाच्या कमिटीवर राजीवने स्वतःच्या जागी त्याचं नाव सुचवलं. रेखाताईंनी नेत्राचा फोन घेणं बंद केलं होतं.

नैनाला राजीवने दोन दिवसांतच पुन्हा घराबाहेर काढलं, हे नेत्राला शुभाकडून कळलं. अंगठा नीट जुळला नव्हता. तो वाकत नव्हता, कात्री धरता येत नव्हती, दुकानाने तिला कामावरून कमी केलं होतं. आता राजीवची बहीण दूर दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोला राहते, तिच्याकडे तिला धाडायचं ठरलं होतं. तिथे नैना आत्याच्या मुलांना सांभाळेल, म्हणे.

नेत्रा तिच्या खोलीवर गेली. नैनाने दार उघडलं आणि अडवलं नाही, पण बस असंही म्हणाली नाही. पलंगावर उघडी बॅग होती.

"मी वकिलाशी बोललेय," नेत्रा म्हणाली. वाटेत गाडीत तिने हे पाठ केलं होतं. "असे सापळे लावणं कायद्याने गुन्हा आहे. तू काहीही केलेलं असलंस तरी. तू तक्रार कर, मी साक्ष देईन. ती पाती त्याने माझ्यासमोर दाखवली होती."

नैना डाव्या हाताने कपडे बॅगेत टाकत होती. "So you knew. ब्लेड्स आहेत ते."

"हो."

"आणि जेवायला बोलावलंत तेव्हा, मी होते ते पण knew?"

"हो."

"आणि पहिल्यांदा video बघितला तेव्हा तू काय केलंस, मावशी?"

नेत्राला खोटं बोलता आलं असतं. नैनाला ते कधीच कळलं नसतं.

"हसले," ती म्हणाली.

नैनाने मान हलवली, जणू हिशेबात बसणारी गोष्ट होती. "मला कोर्ट नको. बाबांना पुन्हा तो video बघायला लागेल. You just want to feel better." तिने जॅकेट चढवलं. एका हाताने, दाताने बाही ओढून. मग पलंगाच्या कडेला बसून बुटात पाय घातले आणि लेसकडे बघत राहिली. खाली गाडीचा हॉर्न वाजला, तिला विमानतळावर सोडायला कुणीतरी आलं होतं.

"हे बांध," ती म्हणाली.

नेत्रा गुडघ्यांवर बसली. तिने उजव्या बुटाची लेस बांधली, मग डाव्या बुटाची. वर बघायचा तिला धीर झाला नाही. ती बोलायला लागली, "नैना, बाळा, मी—"

"घट्ट बांध," नैना म्हणाली. "सुटली तर मला परत बांधता येत नाही."

नेत्राने दोन्ही लेस सोडून पुन्हा बांधल्या, दुहेरी गाठ मारून. नैनाने उठून पाय आपटून पाहिले, बॅगेची चेन डाव्या हाताने ओढली आणि दार उघडून धरलं. नेत्राने आधी बाहेर जावं म्हणून.